समुद्राकडचं कुरण

रिक्सवार्डन, ११ मार्च

उब्बो,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे बर्फाचा डोंगर, मागे एकच शब्द: "नाही." नऊ वर्षांनी भावाचं अक्षर बघायला मिळालं, तेही एका शब्दापुरतं. वाल्बुर्गाने निदान खाली "इकडे हवा छान आहे" एवढं तरी लिहायचं. बायको म्हणून तिचं काही कर्तव्य आहे की नाही?

वकिलाकरवी विचारलं म्हणून तू असं उत्तर दिलंस, हे कळतं. म्हणून आता स्वतः लिहिते.

बाबांचं समुद्राकडचं कुरण तुझ्या-माझ्या नावावर आहे. त्याच्या कडेचा उन्हाळी बांध फोडून भरतीचं पाणी पुन्हा आत घ्यावं, असं किनारा-उद्यानाच्या लोकांनी सुचवलं आहे. मला ते हवं आहे. तुझ्या होकाराशिवाय एक ढेकूळ हलणार नाही. बांधसभा ऑक्टोबरात भरेल. तोवर तू हो म्हणाला नाहीस, तर मागचा मोठा बांध उंच करायला लागणारी माती आपल्या कुरणातूनच उपसतील. त्याला मालकाची परवानगी लागत नाही, हा कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग बाबांचं कुरण म्हणजे एक मोठा खड्डा.

गावातले काही लोक मुद्दाम गोंधळ माजवतात, "टालेया समुद्राला घरात बोलावतेय" म्हणतात. तुझ्या कानावर ते माझ्या मैत्रिणीकडून, फ्राउकेकडून, फोनवर आलंच असेल. गावाला राखतो तो मोठा बांध. त्याला कोणी बोट लावत नाही. त्याच्या पुढे कंबरेएवढा जो बुटका बांध आहे, उन्हाळ्यातल्या लहानसहान भरत्या अडवून गाईंना गवत देणारा, फक्त तोच जाणार. त्याच्या जागी खारं कुरण वाढू दिलं तर वादळातली लाट मोठ्या बांधापर्यंत पोचेपर्यंत दमून जाईल. मैलभर गवतातून धावत येणारा बैल आणि मोकळ्या रस्त्याने येणारा बैल, दोघांपैकी तुला कोणासमोर उभं राहायला आवडेल?

बाबांच्या मयताच्या चहाला मी बोलले ते तुला अजून टोचतंय. "या माणसाने आयुष्यभर समुद्र अडवला, आणि ज्या जमिनीसाठी अडवला तिलाच उपाशी ठेवलं." तू कप बशीत ठेवलास, टोपी घेतलीस आणि त्याच दिवशीच्या गाडीने डोंगरात परत गेलास. उब्बो, ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण हजार वर्षं आपण पाण्याला "बाहेरचं" म्हणत आलो, आणि या बाहेरच्याने आपल्यासाठी काय आणलं होतं ते उघडून कधी बघितलं नाही, याचं मला आता नवल वाटायला लागलं आहे. मी बघायचं ठरवलं आहे. जे दिसेल ते तुला कळवीन, तुला हवं असो वा नसो.

टालेया


रिक्सवार्डन, २२ एप्रिल

उब्बो,

माझ्याकडे भाडेकरू आला आहे. डच. हो, डच. आयलर्टने कुंपणापलीकडून लगेच विचारलं, "काय गं, त्यांच्या देशातला चिखल संपला का?"

सीत्से त्याचं नाव, किनारा-उद्यानासाठी माती तपासायला आलेला. साठीला आला आहे, चष्मा रोज हरवतो, शीळ सतत घालतो, आणि खाऱ्या चिखलाबद्दल असा बोलतो की जणू तो त्याच्या सासरचा आहे. आयलर्टला त्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं: "संपला नाही हो, पण आमचा पाळीव झाला. रानटी चिखल बघायला तुमच्याकडे यावं लागतं." आयलर्ट हसला. तू ओळखतोस त्याला, तो वर्षातून किती वेळा हसतो ते.

मागच्या वसंतात सीत्सेच्या लोकांनी दोन जागी जमिनीवर खूण म्हणून पांढरी भुकटी पसरून ठेवली होती, एक आपल्या कुरणात, एक उन्हाळी बांधाच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला. वर्षभर पाऊस, वारा, भरती जे करायचं ते करून गेले. काल त्याने लांब पात्याच्या सुरीने दोन्हीकडून केकसारखा एकेक तुकडा कापला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. माझ्या चांगल्या बशीत, विचारलंही नाही.

आतल्या तुकड्यात पांढरा थर वरच होता, गवताच्या मुळांत, केकवर साखर भुरभुरावी तसा. बाहेरच्या तुकड्यात तो मला दिसेचना. मग दिसला, खाली. त्याच्यावर गडद, मऊ, लोण्यासारखा गाळ, बोटाच्या निम्म्या पेराएवढा. एका वर्षात.

मी विचारलं, "हा आला कुठून?"

"समुद्र घेऊन आला. हिवाळ्यात पाणी चढलं, झाडोऱ्यात शिरलं, झाडोऱ्याने त्याचा वेग मोडला, आणि हातातलं ओझं त्याने तिथेच ठेवलं."

"मग आमच्या कुरणात का नाही ठेवलं?"

"तुम्ही दार लावून घेतलं आहे ना," तो म्हणाला, आणि वर, "चहाला खडीसाखर आणखी आहे का?"

मी आयुष्यभर सभांमध्ये सागराविरुद्ध, सागराच्या बाजूने, सरकारविरुद्ध आणि सरकारच्याही बाजूने बोलले आहे. एवढ्या छोट्या वाक्याने मला कोणी गप्प केलं नव्हतं. तो म्हणतो, हवेतला जो कार्बन सगळ्या जगाला भाजून काढतोय, तोही या गाळात मुळांबरोबर पुरला जातो, आणि कोणी उकरला नाही तर शेकडो वर्षं तिथेच राहतो. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या पायांखाली तिजोरी आहे." तो म्हणाला, "तिजोरी बाहेर आहे. आत नुसतं कुलूप."

तुझ्या डोंगरात गाळ कुठे जातो रे? की तिथे सगळं नुसतं खालीच वाहून जातं? खरंच विचारते.

टालेया


रिक्सवार्डन, ९ जून

उब्बो,

पोस्टकार्ड क्रमांक दोन मिळालं. "चिखलाचं कौतुक पुरे." म्हणजे तू वाचतोस. एवढं मला पुरेसं आहे.

चार दिवस मुसळधार पाऊस झाला आणि कुरणात तळं साचलं. गाई गुडघाभर पाण्यात उभ्या. पाणी बाहेर जायला झडप आहे, ती उघडली, तरी पाणी हलेना. पूर्वी तर हे पाणी एका ओहोटीत निघून जायचं, आठवतं? मला शंका आली. सीत्सेला विचारलं असतं तर त्याने आकड्यांचा पाढा वाचला असता. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी मी फ्राउकेच्या नवऱ्याकडून मागून आणली. एक टोक फ्राउकेच्या हातात, कुरणात. दुसरं माझ्या हातात, बांध ओलांडून बाहेर. दोघी साठी ओलांडलेल्या, चिखलात, मध्ये बांध, एकमेकींना दिसत नाही.

ती ओरडते, "माझं पाणी कुठे धरू?"

मी ओरडते, "जमिनीपासून मोज!"

"माझ्या जमिनीवर पाणीच आहे, टालेया! बुटात आहे, मोज्यात आहे, आणखी कुठे मोजू?"

"पाण्याखालच्या जमिनीपासून, बाई!"

"तू सभेत बोलतेस तशी ओरडू नकोस, बगळे उडाले!"

शेवटी मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा मला खरं वाटलं नाही. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा चांगली दीड वीत उंच आहे. जिचं आपण रक्षण करतोय ती जमीन समुद्राच्या बाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेली आहे, आणि दर वर्षी आणखी खोल जाणार, कारण समुद्र चढतोय, बाहेरची जमीन त्याच्याबरोबर चढतेय, आणि आपली तिथेच बसून आहे. तळं साचलं त्याला कारण पाऊस नाही रे. आपण बशीत राहतोय.

बाहेर बघण्यासारखं काय काय आहे! खारी, मांसल काड्यांची एक बुटकी वनस्पती आहे, ती चावून बघितली. फ्राउके म्हणाली, "मरशील." मेले नाही. लोणच्यातल्या घेवड्यासारखी लागते. त्या काड्यांमधल्या पाण्यात नखाएवढे मासे होते, शेकडो, थांबायला आल्यासारखे. ते मोठे होऊन कुठे जातात ते मला सीत्सेला विचारायचं आहे. लाल पायांचा एक तुतवार पक्षी माझ्यावर इतका ओरडला की मी माफी मागून मागे सरले.

तुझं "नाही" अजून "नाही" आहे का, हे मी या पत्रात विचारणार नाही.

टालेया


रिक्सवार्डन, १७ ऑगस्ट

उब्बो,

आज जे झालं ते फ्राउके तुला फोनवर सांगेल, आणि चुकीचं सांगेल. म्हणून आधी मीच लिहून टाकते.

मी दाताच्या डॉक्टरकडे तालुक्याला गेले होते. इकडे सीत्से उन्हाळी बांधावर माती तपासत होता. एक वाजला, त्याला भूक लागली. त्याने फावडं बांधाच्या माथ्यात पायाने दाबून सरळ उभं रोवलं आणि खानावळीत जेवायला गेला.

आता तूच डोळ्यांपुढे आण. आपल्याकडे तीन वर्षांचं पोरसुद्धा फावडं आडवं ठेवतं. ज्याला बांध राखणं झेपत नाही त्याने फावडं बांधात रोवायचं आणि चालू लागायचं. जो उपटेल त्याची जमीन, त्याचाच बांध. कायद्याच्या पुस्तकातून हे कधीच गेलं. पण कोणाच्या मनातून गेलंय? आणि ते फावडं होतं माझं, लाल मुठीचं, मी सीत्सेला दिलेलं. रोवलेलं आपल्या बांधावर.

मी परत आले तर दारात फ्राउके, हातात बटरकेकचं ताट. लग्नाचा आणि मयताचा केक. लग्न कोणाचं नव्हतं.

"टालेया," तिने मला मिठी मारली, "बोलायचंस तरी आम्हाला. इतकं जड झालं होतं तर."

माझ्या अर्ध्या तोंडाला भूल दिलेली. मी म्हटलं, "क्काय?"

"बघ, बोलवतसुद्धा नाही बिचारीला," ती मागे वळून म्हणाली. मागे निम्मं गाव.

बांधावर गेले. बांधप्रमुख रेमर टोपी काढून फावड्यापाशी उभा. आयलर्ट, ज्याला आपलं कुरण वीस वर्षं हवं आहे, खिशात हात घालून उभा, आणि ते हात तो बाहेर काढत नव्हता. मी त्याला खुणेने विचारलं, काय रे? तो म्हणाला, "मी हात लावणार नाही. तुझी जमीन घ्यायची तर सरळ बोलून घेईन. अशी नाही." उब्बो, त्या माणसाबद्दल माझं मत मी बदललं आहे.

तेवढ्यात सीत्से जेवून शीळ घालत आला. गर्दी बघून त्याने आपल्यासारखाच "मॉइन!" म्हणून नमस्कार घातला, म्हणाला, "काही सापडलं का?" आणि सगळ्यांच्या देखत फावडं उपटलं, पात्याची माती पुसली आणि खांद्यावर टाकलं.

सगळ्यांची तोंडं फावड्यावरून रेमरकडे वळली.

मग रेमरने टोपी घातली आणि गंभीरपणे हात पुढे केला. "अभिनंदन, महाशय. बांध तुमचा. नोव्हेंबरच्या वादळात पहिली पाळी तुमची."

"आणि कर," आयलर्ट म्हणाला.

"आणि टालेया," कोणीतरी मागून म्हणालं. त्यावर जो हशा झाला तो अजून विरलेला नाही. सीत्सेला सगळं समजावल्यावर तो लाल झाला, आणि केकचे तीन तुकडे खाऊन मग सावरला.

मी मात्र हसता हसता एका गोष्टीपाशी अडकून बसले. फावडं उभं दिसल्यावर गावाला वाईट वाटलं. मी बांध फोडणार म्हणून ज्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांनासुद्धा. मी जमीन सोडून जाते आहे हे त्यांना सहन होईना. मग मी जमिनीचं रूप बदलायला मागते, ते सोडून जाणं वाटतं का? तुलाही तसंच वाटतं का? हे मला खरोखर ठाऊक नाही.

टालेया


रिक्सवार्डन, २१ ऑगस्ट

उब्बो,

तू पोचलास का? एवढ्या लांबून गाडी चालवत या वयात यायचं, एक दिवस राहायचं आणि परत जायचं. वाल्बुर्गाची माझ्याकडून माफी माग.

फ्राउकेचा फोन माझ्या पत्राआधी पोचला, आणि तिने अर्धंच सांगितलं, हे बरं झालं की वाईट, मला कळत नाही. खिडकीतून बघितलं तर एक म्हातारा घराकडे न वळता सरळ बांधावर चाललेला. चालीवरून ओळखलं. मी बूट न बांधता धावले. तू बांधाच्या माथ्यावर इकडून तिकडे बघत होतास.

"कुठे आहे?" तू म्हणालास.

"काय?"

"फावडं! उपटायला आलोय. तुला नको असेल तर नको, पण ते बाहेरच्या कोणाच्या हाती जाऊ देणार नाही."

मी हसले, आणि तुझा चेहरा बघून थांबले.

मग तू बोललास. ते सगळं मी इथे लिहून ठेवते आहे, कारण मी भाषणं पाठ करते पण दुसऱ्याचं बोलणं विसरते, आणि हे मला विसरायचं नाही.

तू म्हणालास: "बाहेरची जमीन उंच होते हे तू मला नळी लावून शिकवतेस? मी बारा वर्षांचा असल्यापासून मला ठाऊक आहे. बासष्टच्या पुरानंतर बाबा आणि मी बांधासाठी गवताच्या लाद्या बाहेरूनच कापायचो. दोन हिवाळ्यांत ते खड्डे भरून यायचे. बाबांनीही बघितलं होतं."

"मग?"

"मग काय? त्यांनी गाई पाण्यात पोहताना आणि बुडताना बघितल्या होत्या. त्यांना मध्ये काहीतरी उभं हवं होतं. त्या वर्षी मास्तर घरी आले होते, टालेया. शहरातल्या मोठ्या शाळेत माझी जागा होती. बाबा म्हणाले, बांध होऊ दे, मग जा. बांध झाला तोवर ती जागा दुसऱ्या पोराला गेली. त्या कुरणातल्या दुधावर पुढे तू शिकलीस. शिकलीस आणि मयताच्या चहाला उभी राहून म्हणालीस की तो बांध चूक होता. मग माझी शाळा कशासाठी गेली, तेही सांगून टाक एकदा."

तुझी बहीण बोलायला कधी अडत नाही, हे जगजाहीर आहे. पण डोक्यात एकच प्रश्न आला आणि तो मी विचारला: "तू काय शिकणार होतास?"

तू बुटाच्या टोकाने बांधावरचं गवत दाबलंस. मग म्हणालास, "हे कोणी विचारलं नव्हतं." आणि मग, "भरती. चंद्र कुठे असला की पाणी किती चढतं, ते आधीच कागदावर कसं काढतात, ते."

त्यानंतर तू आणि सीत्से माझ्या टेबलाशी बसलात. मी तीन किटल्या चहा केला आणि मला कोणी काही विचारलं नाही. "वाऱ्याचं काय? वारा उलटा असला तर?" तू विचारायचास, आणि तो शीळ विसरून कागदावर रेघा ओढायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तू शाळेत बसला होतास, उब्बो. मी दारात उभी राहून बघत होते. मला एवढंच सांगायचं होतं.

होकार मागत नाही. या खेपेला तो खरोखर तुझा आहे.

टालेया


रिक्सवार्डन, २५ सप्टेंबर

उब्बो,

पोस्टकार्ड मिळालं. "हो. पश्चिमेचा कोपरा ठेवायचा. तो मी एकट्याने रचला होता."

ठेवू. सीत्से म्हणतो, मोठ्या भरतीत पाखरांना बसायला उंचवटा लागतोच. रेमर म्हणतो, गाईंनाही. मी म्हणते, कारण शोधायची गरज नाही, उब्बोने रचला म्हणून तो राहील. बांधसभेत मी आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण करणार आहे. वाल्बुर्गाला सांग, पोस्टकार्डाच्या खाली "हवा छान आहे" वाचून मी अर्धा दिवस हसत होते.

टालेया


रिक्सवार्डन, पुढल्या वर्षीचा १९ ऑक्टोबर

उब्बो,

तू काल निघालास तेव्हा स्टेशनवर गर्दी होती, रेमर बोलत होता, फ्राउके तुझ्या पिशवीत धूर दिलेला वाम कोंबत होती, आणि विचारायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र.

पाणी आलं तेव्हा सगळं गाव मोठ्या बांधावर होतं. तू मात्र उन्हाळी बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर, तुझ्या पश्चिमेच्या कोपऱ्यावर, चटई टाकून बसलेला. रेमर ओरडला, "उब्बो, ये इकडे, भरती लागली! चहूकडून अडकशील!" तू त्याच्याकडे न बघता म्हणालास, "ती केव्हा येणार ते मला ठाऊक आहे." आणि खरंच, तू कागदावर लिहून दिलेल्या वेळेलाच पाण्याची पहिली जीभ फोडलेल्या जागेतून आत आली.

आम्हाला वाटलं होतं, सरळ पसरेल. पण ते आत येऊन थबकलं, डावीकडे वळलं, आणि कुरणातून नागमोडी जाऊ लागलं. तिथे काहीच नव्हतं रे, सपाट गवत! फ्राउके म्हणाली, "याला वाट कोणी सांगितली?" आयलर्ट म्हणाला, "माझा आजोबा तिथे होडी लावायचो म्हणत असे. आम्हाला वाटायचं, बडबडतोय." बांधाने बुजवलेली जुनी खाडी पाण्याला सापडली होती. मी कुठल्याही पुस्तकात वाचलं असतं तर लेखकाला खोटारडा म्हटलं असतं. मी भाषण करायचं विसरले. रेमरने माझ्याकडे दोनदा वळून बघितलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

मग पाणी गवतावर चढलं आणि तुझा तुकडा बेट झाला. पाखरं आली, आधी दोन-चार, मग शेकड्यांनी, तुझ्या दोन्ही बाजूंना उतरली. तू हललास नाहीस, म्हणून तीही हलली नाहीत. एक म्हातारा आणि एवढी पाखरं एका ओळीत बसलेली, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे.

आणि तेव्हा तू उभा राहिलास, पाखरं उडाली, तू दोन्ही हात वर केलेस आणि आमच्याकडे बघून काहीतरी ओरडलास. वारा तुझ्याकडून समुद्राकडे होता. एक अक्षर ऐकू आलं नाही.

गावात तेव्हापासून वाद चालू आहे. फ्राउके म्हणते, तू चहा मागत होतास. रेमर म्हणतो, पाण्याची उंची सांगत होतास. आयलर्ट म्हणतो, तू बाबांना हाक मारलीस, पण त्याला आता त्या दिवसापासून सगळीकडे आजोबाच दिसतात. सीत्से म्हणतो, अनुमान काढायला माहिती अपुरी आहे. मला विचारशील तर, मला काहीच म्हणायचं नाही. मी तुझा चेहरा दुर्बिणीतून बघितला होता आणि तसा तो मी पूर्वी कधी बघितलेला नाही.

काय ओरडलास, उब्बो?

पोस्टकार्डावर मावणार नसेल तर चांगलं लांब पत्र लिही. माझी घाई नाही. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
टालेया